तीच खोडी, वेगळा निकाल: अमेरिकेतली पोरं 'ज्युवी'त पोचतात कशी?

ओसरी | शनिवार, रात्री १०:१२

मंडळी, बरेच महिने वाचनमात्र होते. आज लिहायला बसले, कारण सकाळपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

मी पेनसिल्व्हेनियात राहते. गेलं दीड वर्ष दर शनिवारी एका काउंटीच्या (जिल्ह्याच्या) 'ज्युवी'त, म्हणजे अल्पवयीन मुलांच्या कोठडीत, गणित शिकवायला जाते. आपल्याकडचं रिमांड होम म्हणा. आत जाताना पेन जमा करायचं, पेन्सिली मोजून घ्यायच्या आणि तास संपला की मोजून परत द्यायच्या. एक जरी कमी भरली तरी सापडेपर्यंत सगळा वर्ग उभा.

तिथल्या एका मुलाला मी इथे बंड्या म्हणते. वय सोळा, कृष्णवर्णीय. नाव मुद्दाम मराठी ठेवलंय, म्हणजे वाचताना डोळ्यांसमोर बातम्यांतला चेहरा येणार नाही. बंड्यानं दुकानाबाहेर उभी असलेली कुणाचीतरी मोपेड घेतली, चार गल्ल्या फिरवली आणि परत आणून लावताना सापडला. शाळेतल्या एका मारामारीमुळे तो आधीच प्रोबेशनवर, म्हणजे कोर्टाच्या अटींवर मोकळा होता. रात्री पोलिसांनी आईला फोन केला. ती गोदामात रात्रपाळीला होती आणि तिथे फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. घ्यायला कुणी आलं नाही, म्हणून पोरगा आत. आज एकोणिसावा दिवस.

आता दुसरी गोष्ट. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वसाहतीतल्या तीन पोरांनी क्लबहाउसची गोल्फगाडी पळवली आणि तळ्यात घातली. दोन गोरी, एक आपलं. मोपेडला ओरखडाही आला नव्हता, ही गाडी भंगारात गेली. पोलीस रात्री अकराला तिन्ही घरांची बेल वाजवून पोरांना सोडून गेला. 'उन्हाळा आहे, पोरं आहेत,' म्हणाला. आईबापांनी पैसे भरले, पोरांनी माफीची पत्रं लिहिली, बाग झाडली. कुठेही नोंद नाही.

थोडे आकडे. २००० साली अमेरिकेत कुठल्याही एका दिवशी १ लाखाहून जास्त मुलं अशा कोठड्यांत आणि सुधारगृहांत होती. २०२० पर्यंत हा आकडा २५ हजारांच्या आसपास आला. उतार प्रचंड आहे आणि त्याबद्दल आनंदच आहे. पण गोऱ्या मुलांच्या तुलनेत कृष्णवर्णीय मुलं आत असण्याचं प्रमाण २००१ साली चौपट होतं, २०१५ साली पाचपट झालं आणि त्यानंतरही चारपटीच्या खाली आलेलं नाही. कोठड्या रिकाम्या झाल्या, पण आधी सुटली ती गोरी मुलं.

माझा प्रश्न साधा आहे. हे गरिबीचं आहे की वर्णाचं? की हा प्रश्नच चुकीचा आहे?

---

पावशेर | शनिवार, रात्री १०:४०

पॉपकॉर्न घेऊन बसलो. हा धागा शंभरी गाठणार.

विनोद सोडून एक शंका. आपलं पोरगं आणि गोल्फगाडी, हे शेजाऱ्यांचंच होतं ना, ताई? :)

---

ओसरी | शनिवार, रात्री १०:५५

@पावशेर, नाव सांगणार नाही. पण त्याची आई आमच्या मंडळाच्या गणपतीत आरती म्हणते.

---

कट्टेकरी | रविवार, सकाळी ७:३०

छान मांडलंय, पण माझं मत स्पष्ट आहे: मूळ कारण पैसा. वर्ण हा वरचा रंग.

उदाहरण तुमच्याच राज्यातलं देतो. लुझर्न काउंटी, पेनसिल्व्हेनिया. जुना कोळसा खाणींचा भाग. खाणी गेल्या, पाठोपाठ नोकऱ्या गेल्या. तिथल्या मार्क सिव्हरेला आणि मायकेल कॉनहॅन या दोन न्यायाधीशांनी खाजगी कोठडी बांधणाऱ्या आणि चालवणाऱ्यांकडून सुमारे २८ लाख डॉलर घेतले. सरकारी कोठडी बंद पाडली आणि पोरं खाजगीत धाडली. एका मुलीनं शाळेच्या उपमुख्याध्यापकांची टिंगल करणारं पान मायस्पेस या सोशल साइटवर बनवलं होतं. तिला तीन महिने! सुनावणी मिनिटा-दोन मिनिटांची. निम्म्याच्या आसपास मुलं वकिलाशिवाय उभी राहिली, कारण 'वकील नको' असं लिहिलेल्या कागदावर त्यांच्या सह्या घेतल्या होत्या.

२००९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं हजारो निकाल रद्द केले. सिव्हरेलाला २८ वर्षं मिळाली, कॉनहॅनला साडेसतरा. आणि ही मुलं बहुसंख्य गोरी होती. वकील परवडला असता तर आत गेली असती का? मग यात वर्ण कुठे आला?

---

जास्वंदी | रविवार, सकाळी ९:०५

कट्टेकरींचं लुझर्न वाचून अंगावर काटा आला.

मी एक कबूल करते. इथे कुणी मला ओळखत नाही म्हणून. दोन वर्षांपूर्वी माझ्या लेकाच्या दप्तरात शाळेत गांजाचं व्हेप सापडलं. शाळेत पोलीस असतोच, त्यानं तिथल्या तिथे नोंद केली. आम्हाला दुपारी फोन आला. नवरा मीटिंग सोडून निघाला, मी घरूनच काम करत होते. तासाभरात आम्ही दोघं शाळेत हजर, संध्याकाळपर्यंत वकील ठरला. त्यानं पहिली गोष्ट सांगितली ती अशी: 'कोर्टात जायच्या आधी समुपदेशनाच्या दोन बैठका उरकून घ्या, पावती सोबत आणा.' तसं केलं. प्रकरण डायव्हर्जनमध्ये गेलं, म्हणजे खटला न चालवता परस्पर मिटवायच्या वाटेला लागलं, सहा महिन्यांनी पुसलं गेलं. एकूण खर्च साडेचार हजार डॉलरच्या वर.

त्याच दिवशी, त्याच वर्गातला आणखी एक मुलगा पकडला होता. त्याचं काय झालं हे मी कधी विचारलंच नाही. ओसरी, तुझा धागा वाचेपर्यंत ते मला आठवलंही नव्हतं.

---

टपालपेटी | रविवार, सकाळी ९:४८

एक कडू प्रतिसाद देतो, रागावू नका.

बंड्या, आई, रात्रपाळी, सगळं हृदयद्रावक. मराठी नाव देऊन आमच्या डोळ्यांत पाणी आणायची युक्तीही चांगली. पण ज्याची मोपेड गेली तोही बहुधा गरीबच असणार. आणि आकडे सांगायचे तर पूर्ण सांगा. खून आणि जबरी चोरी या गुन्ह्यांत कृष्णवर्णीय पोरांचं अटकेचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येपेक्षा खूप जास्त आहे. तो फरक पोलिसांनी स्वप्नात पाहिलेला नाही, बळींची प्रेतं खरी आहेत. बळीही बहुतेक त्याच वस्तीतले असतात. त्या आयांना विचारा, पोलीस कमी हवेत की जास्त.

---

रात्रपाळी | रविवार, दुपारी १:२०

सदस्यनामावर जाऊ नका, बंड्याच्या आईशी माझा संबंध नाही. :) मी शिकागोच्या बाजूला सोशल वर्कर आहे. कोर्टात पोरं येतात तेव्हा इनटेकच्या, म्हणजे आल्या आल्या नोंद करायच्या टेबलापलीकडे माझ्यासारखं कुणीतरी बसलेलं असतं. तेव्हा आतली बाजू सांगते. मोठं होईल.

आधी टपालपेटी. तुमचं अर्धं बरोबर आहे. खून-दरोड्यातला फरक खरा आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. पण आत असलेली सगळी पोरं खुनी नसतात. प्रोबेशनची अट मोडली, शाळा बुडवली, घरातून पळाला, अशी मुलंही तिथे असतात. शाळा बुडवणं हा मोठ्या माणसाला गुन्हाच नाही. १९७४ च्या केंद्रीय कायद्यानं अशा मुलांना डांबायचं नाही असं ठरवलं होतं. १९८० साली त्याला पळवाट ठेवली: न्यायाधीशानं 'शाळेत जा' असा लेखी हुकूम दिला आणि पोरगा गेला नाही, तर तो हुकूम मोडला म्हणून आत टाकता येतं.

आणि ड्रग्ज घ्या. निनावी पाहण्यांत गोरी आणि कृष्णवर्णीय मुलं जवळपास सारखंच सेवन सांगतात. अटकेत मात्र तो सारखेपणा कुठे दिसत नाही. जास्वंदींच्या घरी व्हेप सापडलं तसं ते हजार घरांत सापडेल, फक्त शोधायला कोण कुठे जातं हा प्रश्न आहे.

आता टेबलाची गोष्ट. पोरगा आणला की आम्ही काय बघतो? गुन्हा, आधीची नोंद आणि घ्यायला कोण आलंय. या तिसऱ्याबद्दल कुठल्याही कायद्यात 'श्रीमंतांना सोडा' असं लिहिलेलं नसतं. पण रात्री दोन वाजता गाडी घेऊन, ओळखपत्र घेऊन, उद्याची रजा टाकून कोण येऊ शकतं? इथवर कट्टेकरी बरोबर आहेत. हा पैसाच आहे.

पण मग अहवाल लिहायचा असतो. १९९८ साली ब्रिजेस आणि स्टीन या दोघांनी प्रोबेशन अधिकाऱ्यांचे २३३ अहवाल वाचून काढले. गुन्हे सारखे, पोरांची पार्श्वभूमी सारखी. गोऱ्या मुलाबद्दल अधिकारी लिहितो: संगत वाईट, घरात ताण. कृष्णवर्णीय मुलाबद्दल लिहितो: पश्चात्ताप नाही, वृत्तीच उद्धट. पहिल्याचा दोष परिस्थितीत, दुसऱ्याचा स्वभावात. ज्याचा दोष स्वभावात, तो पुन्हा करणार, म्हणून त्याला आत ठेवा. हा अभ्यास मी नोकरीला लागल्यावर वाचला आणि घरी येऊन माझे स्वतःचे जुने अहवाल काढले. पुढचं सांगत नाही.

---

कट्टेकरी | रविवार, दुपारी २:१०

@रात्रपाळी, प्रतिसाद आवडला. पण २३३ अहवालांवरून देशाचा निष्कर्ष? शिवाय १९९८. पैसा समान केला तर फरक उरतो का, हे कुणी मोठ्या प्रमाणावर मोजलंय का?

---

ओसरी | रविवार, दुपारी ४:३५

@कट्टेकरी, मोजलंय, आणि त्यानंच माझं मत बदललं. मीही सुरुवातीला तुमच्याच बाजूची होते.

२०१८ साली अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनगणना आणि प्राप्तिकराच्या नोंदी जोडून सुमारे २ कोटी मुलांचा मागोवा घेतला. १९७८ ते ८३ दरम्यान जन्मलेली मुलं. आईबापांचं उत्पन्न आणि मोठेपणी मुलांचं काय झालं, हे समोरासमोर ठेवलं. सर्वांत श्रीमंत १ टक्का घरांत वाढलेले कृष्णवर्णीय मुलगे पुढे जितक्या प्रमाणात तुरुंगात होते, साधारण तितक्याच प्रमाणात वर्षाला ३६ हजार डॉलर मिळवणाऱ्या घरातले गोरे मुलगे होते. परत वाचा. एकाच्या घरी पोहण्याचा तलाव आणि दुसऱ्याचा बाप ट्रक चालवतो, आणि धोका सारखा. आणि सर्वांत गरीब घरांतल्या कृष्णवर्णीय मुलग्यांपैकी २१ टक्के २०१० च्या जनगणनेच्या एका दिवशी तुरुंगात होते. एका दिवशी! पाचातला एक.

हे तुरुंग मोठ्यांचे आहेत, बालकोठडीचे नव्हेत, हे मान्य. पण त्यातल्या मुलींचं वाचून मी थबकले. सारख्या उत्पन्नाच्या घरांतल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलींच्या पुढच्या कमाईत फरक जवळजवळ नाहीच. घर तेच, शाळा तीच, गल्ली तीच. फरक मुलग्यांत पडतो. गरिबीच सगळं असती तर तिनं भावाला धरलं आणि बहिणीला सोडलं, असं का झालं असतं?

लुझर्नचं उदाहरण पूर्ण खरं आहे. गरीब गोरा पोरगाही चिरडला जातो. पण तिथे चिरडायला लाचखोर न्यायाधीश लागले आणि ते पकडले गेल्यावर देशभर बातमी झाली. बंड्याच्या प्रकरणात कुणीही लाच घेतलेली नाही. सगळ्यांनी नियमानं काम केलंय.

---

आजोबा६२ | रविवार, सायंकाळी ७:१५

सर्वांस नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, सध्या लेकाकडे न्यू जर्सीत एडिसनला आलो आहे. ३४ वर्षे वर्गात उभा राहिलो, त्या अनुभवावरून लिहितो. निग्रो समाजात घरात वडील नसतात, असे इकडे आल्यापासून ऐकतो. ज्या मुलाला घरी वचक नाही, तो बाहेर वचक शोधतो. आपल्या लोकांची मुले तुरुंगात का नाहीत? कुटुंबसंस्था. याकडे आपण सर्वजण सोयीस्कर दुर्लक्ष करीत आहात असे नम्रपणे वाटते.

---

पावशेर | रविवार, सायंकाळी ७:२२

आजोबा, तो 'नि'वाला शब्द इकडे आता वापरत नाहीत. अपमानास्पद समजतात. कृष्णवर्णीय किंवा ब्लॅक म्हणा.

---

आजोबा६२ | रविवार, सायंकाळी ७:५०

क्षमस्व. आमच्या भूगोलाच्या पुस्तकात तोच शब्द होता आणि मीही तो वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला. नातीनेही आत्ताच सांगितले, जरा चढ्या आवाजात. यापुढे काळजी घेईन. मुद्द्याचे उत्तर मात्र हवे आहे.

---

रात्रपाळी | रविवार, रात्री ११:३०

आजोबा, उत्तर देते. तुमचा मुद्दा पूर्ण फेकण्यासारखा नाही. ओसरींनी सांगितलेल्या त्याच अभ्यासात एक शोध होता: ज्या वस्तीत कृष्णवर्णीय वडील मोठ्या संख्येनं घराघरांत आहेत, तिथले मुलगे पुढे बरे निघतात. गंमत अशी, की प्रत्येकाचा स्वतःचा बाप घरी असणं यापेक्षा गल्लीत बापमाणसं असणं जास्त महत्त्वाचं ठरलं. तुम्ही शिक्षक होता, तुम्हाला हे कळेल. अंगणात कुणीतरी 'अरे ए, कुणाचा रे तू?' म्हणणारा हवा.

पण ते बाप गेले कुठे? बरेचसे तुरुंगात. बाप आत म्हणून पोरगा बिघडला आणि पोरगा आत म्हणून त्याचं पोर बिघडलं. यात सुरुवात कुठली धरायची?

आणि 'आपली मुलं का नाहीत' याबद्दल थोडं स्पष्ट बोलते. आपण गाळून आलेली माणसं आहोत. १९६५ चा स्थलांतराचा कायदा झाल्यावर या देशानं भारतातून वेचून डॉक्टर, इंजिनिअर घेतले. त्या चाळणीच्या वर राहिलेल्यांची तुलना, ज्यांना जहाजात कोंबून आणलं आणि १९३० च्या दशकात ज्यांच्या वस्त्या सरकारी नकाशांवर लाल रंगवून कर्जाला अपात्र ठरवल्या, त्यांच्याशी करायची? गरीब गोरं कुटुंब बहुधा मिश्र वस्तीत राहतं, शेजारी कुणी प्लंबर, कुणी मास्तर. गरीब कृष्णवर्णीय कुटुंबाभोवती बहुधा गरिबीच असते, आणि गस्तही तिथेच. त्यामुळे 'गरीब' हा शब्द दोघांना एकच अर्थानं लागत नाही. कट्टेकरी, पैसा समान केला असं आपण म्हणतो तेव्हा समान होते ती फक्त पगाराची पावती.

शाळेचा एक आकडा देऊन थांबते. २०१५-१६ च्या शिक्षण खात्याच्या नोंदीत कृष्णवर्णीय मुलं १५ टक्के. शाळेतून अटक झालेल्या किंवा पोलिसांकडे सोपवलेल्यांत ३१ टक्के. आणि हे बालवाडीपासून सुरू होतं. २०१३-१४ मध्ये बालवाडीतून एक किंवा अधिक वेळा निलंबित झालेल्यांत ४७ टक्के, मुलं एकूण १९ टक्के असताना. चार वर्षांचं पोर. निलंबित!

---

भीमाकाठ | सोमवार, सकाळी ८:०५

मी सोलापूरचा, पारधी वस्तीवरच्या पोरांच्या शाळेशी संबंध आहे. अमेरिका पाहिलेली नाही. पण रात्रपाळींचा 'दोष स्वभावात' वाचला आणि म्हटलं लिहावं.

आमच्याकडे हे कायद्यातच लिहिलं होतं की. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्मानं गुन्हेगार. १८९७ च्या दुरुस्तीनं तर चार ते अठरा वर्षांच्या पोरांना आईबापापासून तोडून वेगळ्या सुधारवसाहतीत ठेवायची मुभा सरकारला दिली. चार वर्षांचं पोर, तुमच्या त्या बालवाडीसारखंच. आमच्या गावात तारेच्या कुंपणातली वसाहत होती, त्या भागाला आजही 'सेटलमेंट' म्हणत्यात. १९५२ ला कायदा गेला. गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या पालावर जाते, ते विचारू नका.

आणखी एक. जोतीरावांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अमेरिकेतली गुलामी मोडणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली, हे आपण शाळेत शिकतो. अमेरिकेच्या घटनेच्या ज्या तेराव्या दुरुस्तीनं १८६५ ला ती गुलामी गेली, तिच्यात एक पोटवाक्य आहे: गुन्ह्याची शिक्षा म्हणून असेल तर सोडून. लगेच दक्षिणेतल्या राज्यांनी भटकण्याविरुद्ध कायदे केले. कामाशिवाय रस्त्यावर दिसला की गुन्हेगार. तिकडं भटकणं गुन्हा, इकडं भटक्या हाच गुन्हा, आणि सालांत अंतर पाच-सहा वर्षांचं.

धागा अमेरिकेचा आहे, भरकटवत नाही. आमच्या पोरांवर वेगळा काढतो.

---

आजोबा६२ | सोमवार, सकाळी ९:३०

भीमाकाठ, आपला धागा अवश्य काढा. माझ्या शाळेत एक पारधी मुलगा होता. वर्गात पैसे हरवले तेव्हा मी सर्वांत आधी त्याचे दप्तर तपासले. पैसे दुसऱ्याकडे सापडले. तो मुलगा दिवाळीनंतर शाळेत आला नाही. हे मी आजवर कोणाला सांगितले नव्हते.

---

टपालपेटी | सोमवार, दुपारी १२:४०

सगळे गहिवरलेत, तेव्हा मीच रुक्ष राहतो. प्रश्न मान्य, कारणं मान्य. उपाय काय? सोडून द्यायचं? सोडल्यावर त्यानं कुणाला भोसकलं तर?

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री १०:५०

रुक्ष प्रश्नाला रुक्ष उत्तर. आमच्याच कुक काउंटीतलं, म्हणजे शिकागोचं. १८९९ साली जगातलं पहिलं बालन्यायालय इथेच निघालं. तिथे खटला कुठल्या न्यायाधीशाकडे जाईल हे जवळपास चिठ्ठी काढल्यासारखं ठरतं. कुणी कडक, कुणी मऊ. आयझर आणि डॉयल या अर्थतज्ज्ञांनी याचाच फायदा घेऊन ३५ हजार मुलांच्या नोंदी तपासल्या. सारखीच मुलं, फक्त न्यायाधीश वेगळा. जी केवळ कडक न्यायाधीश वाट्याला आला म्हणून आत गेली, त्यांच्यात शाळा पूर्ण करणारे शंभरामागे १३ नं घटले आणि मोठेपणी तुरुंगात जाणारे शंभरामागे २३ नं वाढले. म्हणजे टपालपेटी, तुमच्या सुरक्षिततेसाठीच सांगते, सोडावं की डांबावं अशा काठावरचं पोर आत टाकून तुम्ही उद्याचा गुन्हेगार पैसे भरून तयार करता.

उलट बाजूही आहे. याच शहरात हिंसाचारग्रस्त भागातल्या मुलांना एका उन्हाळ्यात आठ आठवड्यांची किमान वेतनाची नोकरी दिली. चिठ्ठ्या टाकून निवडलेली मुलं. पुढच्या १६ महिन्यांत हिंसक गुन्ह्यांतली अटक ४३ टक्क्यांनी कमी. नोकरी संपल्यानंतरही.

खुनाच्या आरोपातला पोरगा उद्या सोडा असं मी म्हणत नाही. मी रोज त्यांनाही भेटते.

---

कट्टेकरी | मंगळवार, सकाळी ७:१५

मुलींचा मुद्दा दोन दिवस घोळतोय. उत्तर नाही माझ्याकडे. एवढं म्हणतो: पैसा माणसाला टेबलापर्यंत नेतो. टेबलापलीकडे जे होतं त्याला दुसरं नाव द्यावं लागेल.

पण तरीही, सुधारणा पैशाच्या बाजूनंच सोप्या आहेत असं वाटतं. लोकांची नजर बदलायला शंभर वर्षं लागतील, बिल आजच्या आज बंद करता येतं. कॅलिफोर्नियात पोरगा कोठडीत असला तर प्रत्येक दिवसाचं बिल आईबापांना पाठवत असत. पोर आत आणि वर घरभाड्यासारखं त्याचं भाडं. ते २०१८ पासून कायद्यानं बंद झालं.

---

ओसरी | मंगळवार, रात्री ९:२०

मधले दोन दिवस येता आलं नाही. सगळं वाचलं. जास्वंदी, आजोबा, तुम्ही दोघांनी लिहिलंत त्याला काय म्हणू कळत नाही, म्हणून काही म्हणत नाही.

तुमच्या सगळ्यांच्या प्रतिसादांतून मला एक गोष्ट नीट दिसली. मी सुरुवातीला शिक्षेतला भेद शोधत होते. भेद माफीत आहे. सोळाव्या वर्षी मूर्खपणा सगळेच करतात, मीही केलाय. गोल्फगाडीवाल्यांना पोलिसानं माफ केलं, वसाहतीनं माफ केलं, शाळेला कळलंच नाही. बंड्याला शाळेनं माफ केलं नाही, म्हणून प्रोबेशन. प्रोबेशन म्हणून मोपेडला माफी नाही. एकेक माफी न मिळाल्याची बेरीज म्हणजे ती कोठडी. आणि माफ करताना माणूस समोरच्यात स्वतःचं पोर बघतो. २०१४ च्या एका अभ्यासात लोकांना मुलांचे फोटो दाखवून वय विचारलं. गुन्ह्याचा आरोप असलेल्या कृष्णवर्णीय मुलाचं वय लोकांनी सरासरी साडेचार वर्षांनी जास्त सांगितलं. तेरा वर्षांचं पोरगं साडेसतरा वर्षांचं दिसतं. पोरच दिसलं नाही तर 'पोरं आहेत' म्हणणार कोण?

आणि आईला फोन न लागल्याची गोष्ट नवी नाही, हे काल वाचून कळलं. १९६४ साली अ‍ॅरिझोनात जेराल्ड गॉल्ट नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलाला शेजारणीला अश्लील फोन केल्याच्या आरोपावरून उचललं. आईबाप दोघंही कामावर, घरी साधी चिठ्ठीसुद्धा ठेवली नाही. वकील नाही, तक्रारदार बाई कोर्टात आलीच नाही. एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृह, म्हणजे सहा वर्षांपर्यंत. मोठ्या माणसाला याच गुन्ह्याला जास्तीत जास्त ५० डॉलर दंड किंवा दोन महिने कैद होती. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला आणि मुलांनाही वकिलाचा हक्क मिळाला. लुझर्नमध्ये ज्या हक्कावर सह्या करून पाणी सोडायला लावलं, तो हाच.

कॅलीफ ब्राउडरबद्दल लिहिणार होते. २०१० साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये दप्तर चोरल्याचा आरोप, वय सोळा, जामीन ३ हजार डॉलर. घरच्यांकडे नव्हते. खटला न चालता तीन वर्षं रायकर्स बेटावरच्या तुरुंगात, त्यातली जवळपास दोन एकांतकोठडीत. शेवटी आरोपच मागे घेतले. बाहेर आल्यावर दोन वर्षांनी त्यानं स्वतःला संपवलं. जास्वंदी, तुझा खर्च वाचल्यापासून ती दोन रकमांची तुलना डोक्यातून जात नाहीये. तुला टोचायला नाही सांगत. माझ्या पोरासाठी मीही तेच केलं असतं.

---

जास्वंदी | मंगळवार, रात्री ९:४५

टोचलं. पण बरोबर आहे.

त्या दुसऱ्या मुलाबद्दल काल लेकाला विचारलं. म्हणाला, तो परत शाळेत आला नाही, 'आय थिंक ही मूव्ह्ड.' बस.

---

पावशेर | मंगळवार, रात्री १०:०२

पॉपकॉर्न तसाच राहिला. ओसरी, बंड्याचं काय झालं?

---

ओसरी | शनिवार, दुपारी ३:१०

बुधवारी सुनावणी झाली. सरकारनं दिलेला त्याचा बचावाचा वकील त्याला सुनावणीच्या दहा मिनिटं आधी पहिल्यांदा भेटला. माणूस वाईट नाही, हातात तीस फायली होत्या. बंड्या सुटलाय, पण आईकडे नाही. तिची पाळी रात्रीची, घरी कुणी मोठं नाही, म्हणून शेजारच्या गावात मावशीकडे. पायात ठावठिकाणा कळवणारा पट्टा, तो चार्ज करायला रोज दोन तास भिंतीच्या प्लगला लावून बसायचं. संध्याकाळी सातनंतर घराबाहेर नाही. शाळा बुडवायची नाही.

आज वर्गात त्याची खुर्ची रिकामी होती. म्हणजे चांगलंच झालं.

---

रात्रपाळी | शनिवार, दुपारी ३:४०

थांबा. मावशीचं गाव वेगळ्या स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे वेगळ्या शाळा-विभागात आहे का? असेल तर जुनी शाळा त्याचं नाव काढेल आणि नवी शाळा मावशीकडे पालकत्वाचं शपथपत्र मागेल. ते होईपर्यंतचे दिवस गैरहजेरी धरले जाऊ शकतात, आणि गैरहजेरी म्हणजे अट मोडली. मी हे दर महिन्याला बघते. त्याच्या पी. ओ.ला (प्रोबेशन अधिकाऱ्याला) सोमवारीच लेखी कळवायला सांगा. शपथपत्राचा नमुना माझ्याकडे आहे, तुमच्या राज्याप्रमाणे बदलावा लागेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

ओसरी | शनिवार, दुपारी ३:४४

वेगळंच डिस्ट्रिक्ट आहे. व्यनि केलाय.

---

कट्टेकरी | शनिवार, दुपारी ४:०५

नोटरीचा खर्च वगैरे लागला तर मलाही व्यनि करा.